कुलूप घेणे

गुड्डीच्या आत्याचा फोन राखीच्या दिवशी आला. आत्या म्हणजे माझी नणंद, टीना. लग्न होऊन दोन वर्षांपूर्वी ती लंडनला गेली. तेव्हापासून सणावाराला तिचा फोन येतो आणि कुडव्याच्या आमच्या घरात सगळे ओळीनं उभे राहून तो घेतात. आधी सासूबाई, मग सासरे म्हणजे बाबूजी, मग गुड्डीचे पप्पा, मग गुड्डी. माझा नंबर येईपर्यंत बहुतेक वेळा तिचं कार्ड संपतं. त्या दिवशी नाही संपलं.

"भाभी, डिसेंबरमध्ये सगळेच या," ती म्हणाली. "नाताळच्या सुट्टीत इथं काय लायटिंग असते! दोन खोल्या आहेत, जमवून घेऊ. आणि प्लॅनिंग तू कर हां. दादावर सोडलं तर तो गोंदिया स्टेशनवरच गाडी चुकवेल."

गुड्डीचे पप्पा बाजूलाच होते, ते हसले. बाबूजी हसले. मी पण हसले, कारण लग्नाला सात वर्षं झाली तरी 'तू कर' असं मला स्वयंपाकाशिवाय कशाबद्दलच कुणी म्हटलं नव्हतं.

हे २००७ चं साल. गुड्डी पाच वर्षांची होती आणि बाबू सव्वा वर्षाचा, अंगावर पिणारा. दुकानातून मी एक कोरी डायरी मागून घेतली. आमचं कुडवा नाक्यावर हार्डवेअरचं दुकान आहे. खिळे, नळ, कड्या-कोयंडे, रंगाचे डबे. डायरीच्या पहिल्या पानावर मी 'लंडन' लिहिलं आणि खाली यादी सुरू केली. पासपोर्ट. फोटो. स्वेटर सहा. कानटोप्या. आईंच्या गुडघ्याचा पट्टा. बाबूजींच्या बीपीच्या गोळ्या, एक महिना. बाबूचं दुधाचं पातेलं. टीनासाठी मोहाची फुलं थोडी, तिला भाजून आवडतात. आणि पानाच्या शेवटी, विसरू नये म्हणून: कुलूप घेणे.

कुलपाचं सांगायला हवं. आमच्या घराला कुलूप नाही. घर बांधलं तेव्हा सासूबाईंच्या सासूनं सांगून ठेवलं होतं की घरात लक्ष्मी बसलेली असते, तिला बाहेरून कोंडायचं नसतं. म्हणून पुढच्या दाराला बाहेरून कडी आहे, पण ती अडकवायला कोयंडाच ठोकलेला नाही. घरात नेहमी कोणीतरी असलंच पाहिजे आणि दिवेलागणीला देवाजवळ दिवा लागलाच पाहिजे. मी या घरात आले तेव्हापासून ते 'कोणीतरी' मी आहे. माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात, नवेगाव बांधला, मी अक्षता टाकल्या आणि वरात निघायच्या आत एसटी पकडली, कारण सासूबाईंना दुसऱ्या एका लग्नाला जायचं होतं. ज्या घरात विकायला खोकी भरभरून कुलपं आहेत, त्या घराला कुलूप नाही, याची गंमत नाक्यावरचे लोक अजून करतात.

पण सगळेच जाणार म्हटल्यावर कुलूप लागणारच होतं ना? म्हणून लिहिलं.

गुड्डीला मी लाल पेन्सिल दिली होती. यादीतलं जे काम होईल त्याच्यापुढे बरोबरची खूण तिनं करायची. शाळेत बाई जशी करते तशी, शेपटी लांब ओढून. तिला अजून सगळं वाचता येत नव्हतं; पण कोणती ओळ कशाची, ते तिला पाठ झालं होतं.

टीनानं पोस्टानं नकाशा पाठवला. जमिनीखालच्या गाड्यांचा, रंगीत रेघांचा. दुपारी बाबू झोपला की मी तो ताटाएवढ्या जागेत उलगडायची आणि कोणत्या दिवशी कुठं जायचं ते डायरीत लिहायची. आईंना जिने कमी चढावे लागावेत म्हणून कुठं बसनं जायचं. बाबूजींना दर दोन तासांनी बाथरूम लागतं, तर मध्ये कुठं थांबायचं. हे सगळं मी टीनाला फोनवर विचारून घ्यायची. ती म्हणायची, "भाभी, मी इथं राहून मला नाही माहीत एवढं!" गोंदियाला गुड्डीला शाळेत सोडायला गेले की कधी अर्धा तास सायबर कॅफेत बसायची. तिथं मला दुमजली लाल बसचा फोटो सापडला. वरच्या मजल्यावर अगदी समोर काच, आणि काचेला लागून दोन सीटा. ड्रायव्हर खाली. तो फोटो मी छापून आणला.

त्या दिवसापासून आमच्या दिवाणावर बस सुरू झाली. दोन पाट मांडायचे, समोर आरशाचं कपाट म्हणजे काच.

"ही माझी सीट. ही मम्मीची. बाबू मांडीवर."

"अन् मी व?" सासूबाई विचारायच्या.

"तू खाली. तुझे गुडघे दुखतात ना."

"पाहा, पोट्टी आत्ताच मले खाली बसवून राहिली!" सासूबाई म्हणायच्या, पण हसून. त्यांना वेगळीच काळजी होती. "काय व रचना, तिकडं शेण भेटते का? टीनाच्या दारात सडा टाकतो म्हटलं."

"चवथ्या माळ्यावर राहते ती," बाबूजी पेपरातून डोकं काढून म्हणाले. "तू सडा टाकशीन अन् खालच्या गोऱ्याच्या टकुऱ्यावर पडन. मग दुसऱ्या दिवशीच वापस पाठवतीन आपल्याले."

असे दिवस होते ते. खोटं कशाला सांगू, या घरातले माझे सगळ्यात चांगले दिवस. संध्याकाळी जेवताना सगळे मला विचारायचे. किती थंडी असते? तिकडं पान भेटते का? विमानात उलटी झाली तर? आणि मी सांगायची, डायरी उघडून.

पोळ्यानंतर आम्ही पासपोर्टसाठी नागपूरला गेलो. घर उघडं राहू नये म्हणून बाबूजींची बहीण सौंदडहून येऊन बसली होती. रांग मोठी होती. खिडकीतल्या माणसानं आमची फाईल चाळली, मग चष्मा वर केला.

"ये बच्ची की माँ का नाम अल्का. और ये छोटे बच्चे की माँ रचना." त्यानं गुड्डीच्या पप्पांकडे पाहिलं. "दो शादियाँ हैं क्या आपकी?"

रांगेतले लोक हसले. गुड्डीचे पप्पा पण हसले. बाबूजी म्हणाले, "एकच सांभाळणं नाही होत साहेब याच्यानं."

मी नाही हसले. कारण त्या कागदांमध्ये खरंच दोन बाया होत्या.

माझं नाव अल्का. नवेगाव बांधला जन्मले, तिथं शिकले, डी.एड. झाले, सगळ्या सर्टिफिकेटवर अल्का भोजराज. लग्न झालं त्या दिवशी या घरात पाटावर बसवलं, समोर परातीत तांदूळ पसरले आणि गुड्डीच्या पप्पांनी अंगठीनं त्यात लिहिलं: रचना. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी त्याच तांदळाचा भात झाला, मीच रांधला. रेशनकार्ड, मतदार यादी, सगळीकडे मग रचना. पण पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं. गुड्डी झाली तेव्हा दवाखान्यात नाव सांगायला माझे बाबा उभे होते. त्यांना विचारलं, आईचं नाव? त्यांनी सांगितलं, अल्का. त्यांच्या डोक्यात दुसरं नाव कधी शिरलंच नव्हतं. बाबू मात्र गोंदियाला झाला आणि फॉर्म त्याच्या पप्पांनी भरला. म्हणून माझ्या दोन लेकरांना कागदावर दोन आया आहेत.

गुड्डीचा फॉर्म घेतला त्यांनी. अल्का म्हणून मी सही केली, शाळेचं सर्टिफिकेट पिशवीत होतं म्हणून बरं. माझी आणि बाबूची फाईल मात्र खिडकीतून परत आली. "पहले तय करके आइये मॅडम, आप हैं कौन."

गाडीत परत येताना गुड्डीचे पप्पा म्हणाले, "टेन्शन नको घेऊ. कोर्टाजवळ छोटेलाल बसते ना, कागदपत्रवाला, त्याच्याकडे देतो. ॲफिडेव्हिट करून देईल तो. होऊन जाते."

मी टेन्शन घेतलं नाही. मी लोकर घेतली. आईंना राखाडी, बाबूजींना तपकिरी, गुड्डीच्या पप्पांना निळी, गुड्डीला पिवळी, बाबूला उरलेली पिवळी. मला मरून. माझा सगळ्यात शेवटी घातला विणायला. मधूनमधून विचारायची, "छोटेलालनं काय म्हटलं?" गुड्डीचे पप्पा म्हणायचे, "चालू आहे."

ऑक्टोबरमध्ये पोस्टमन चार पासपोर्ट घेऊन आला. गुड्डीनं तिच्या फोटोची पप्पी घेतली आणि चार खुणा केल्या. "मम्मीचा? बाबूचा?"

"मागून येतो," पप्पा म्हणाले.

यादी भरत चालली होती. पट्टा आला, गोळ्या आल्या, चार मोठ्या बॅगा आल्या. मी एकदा जेवताना म्हणाले, "दुकानातून एक चांगलं कुलूप आणा ना. आणि कोयंडा ठोकून घ्यावा लागेल, मनिराम सुताराला सांगून ठेवा. नाही तर सौंदडच्या आत्यांना महिनाभर बोलवू."

"तिच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे," सासूबाई म्हणाल्या, आणि ताटातल्या भाजीचं काहीतरी बोलायला लागल्या.

"आणतो," गुड्डीचे पप्पा म्हणाले. रोज संध्याकाळी दुकान बंद करून यायचे, हातात पिशवी असायची. रोज मी पिशवीत पाहायची. साबण असायचा, मिक्स्चर असायचं, एकदा तर नळ होता. कुलूप नसायचं. मी समजायची, विसरले.

दिवाळी झाली. व्हिसाचे कागद मुंबईला पाठवायचे होते. एका दुपारी ते घरी जेवायला आले आणि हात धुऊन कागदांचा गठ्ठा माझ्यासमोर ठेवला. जिथं सही पाहिजे तिथं छोटेलालनं पेन्सिलनं फुली मारली होती.

"फटाफट कर. कुरिअरवाला तीन वाजता निघते."

बाबू मांडीवर दूध पीत होता. मी एका हातानं सह्या करत गेले. बँकेचा कागद, टीनाच्या पत्राची नक्कल, कसली कसली. तिसऱ्या कागदावर गुड्डीचा फोटो होता म्हणून वाचला. इंग्रजी होतं, पण कठीण नव्हतं. मी, खाली सही करणारी अल्का, वरील मुलीची आई, माझ्या मुलीला तिचे वडील व आजी-आजोबा यांच्यासोबत लंडनला नेण्यास माझी संमती देते. या काळात मी स्वतः भारतातच राहणार आहे.

मी पुन्हा वाचलं. शेवटची ओळ तीच राहिली.

"हे काय आहे?"

"ते संमतीपत्र. आई सोबत नसली तर लागते."

"आई कुठे आहे?"

त्यांनी धुतलेले हात पुन्हा पुसले. मग म्हणाले, "तुझं नाव नाही जमलं ना रचना. दोन-दोन नावं. छोटेलाल म्हणे, सहा महिने लागतात. पेपरात द्या, गॅझेटमध्ये द्या."

"कधी म्हणाला?"

"झाले असतील..."

"कधी?"

"गणपतीत."

गणपतीत मी बाबूजींचा स्वेटर विणत होते. त्यानंतर आईंचा विणला. त्यानंतर तेवीस दिवसांचं सगळं पान-पान लिहिलं, सकाळ कुठं, दुपार कुठं.

"मला सांगितलं नाही?"

"तू एवढं मन लावून करून राहिली होती." हे ते खरंच मायेनं म्हणाले. "खुश होती. मले वाटलं, कायले मन मोडाचं? अन् बाबू लहान आहे, तिकडच्या थंडीत न्यूमोनिया झाला तर कोनाच्या जीवावर? पुढच्या वर्षी जाऊ ना आपण."

"आईंना माहीत होतं?"

सासूबाई दारातच उभ्या होत्या. "माहीत कायले नाही," त्या म्हणाल्या. "मीच म्हटलं, घराले कुलूप कसं लावाचं? सत्तावन वर्सं झाली, या दारात दिवा नाही चुकला. कोनी तं पाहिजे."

"टीनाला?"

गुड्डीचे पप्पा घड्याळाकडे बघायला लागले. टीना गेल्या काही फोनमध्ये माझ्याशी बोलायच्या आधीच कार्ड संपवत होती, ते मला तेव्हा आठवलं.

गुड्डी शाळेतून आलेली होती. दिवाणावर पाट मांडून बसली होती, कपाटाच्या आरशात बघत. "मम्मी, चल ना, बस सुटून राहिली!"

तीन वाजायला दहा मिनिटं होती. मी सही केली नसती तर काय झालं असतं, हे मी पुढे खूप वेळा मनात करून पाहिलं. गुड्डी गेली नसती, एवढंच झालं असतं. बाकी तिघं गेलेच असते. आणि कपाटासमोर दोन पाट मांडून बसलेल्या पोरीला मी काय सांगितलं असतं, की मला नेत नाहीत म्हणून मी तुलाही जाऊ देत नाही? मी सही केली. अल्का. ज्या नावानं सात वर्षांत या घरात मला कोणी हाक मारली नाही, त्या नावाची, पोरगी न्यायच्या वेळेस, बरोबर आठवण झाली.

त्यांनी गठ्ठा उचलला. दारातून वळून म्हणाले, "ते डायरी पण देशीन बॅगेत. त्याच्यात सगळं लिहून आहे ना. तिच्याशिवाय आम्ही तिकडं हरवून जाऊ."

माझ्या मरून स्वेटरची एक बाही व्हायची होती. मी तो उसवला. त्या लोकरीतून गुड्डीची कानटोपी झाली, हातमोजे झाले, आणि एक लांब मफलर, दोनदा गुंडाळता येईल असा. डायरीच्या शेवटच्या पानांवर मी लिहिलं: गुड्डीला दूध कोमट लागतं, साय दिसली तर पीत नाही. वेणी घालताना आधी उजवी बाजू, नाही तर रडते. झोपताना कानाच्या पाळीला हात लावते, स्वतःच्या नाही, दुसऱ्याच्या, लावू द्यावा. बसमध्ये वरती समोर बसवावं.

सगळ्या ओळींवर लाल खुणा झाल्या होत्या. पहिल्या पानावर शेवटची एक ओळ तेवढी कोरी होती. गुड्डीनं पेन्सिल टेकवून विचारलं, "मम्मी, कुलूप राहिलं ना?"

"राहिलं."

"मग आपण सगळे गेल्यावर चोर येईल."

तिला मी त्या दिवशी सांगितलं. बाबूला खूप थंडी वाजेल म्हणून मम्मी त्याच्याजवळ थांबणार आहे. ती रडली नाही. तिनं मला विचारलं, "मग बाजूच्या सीटवर कोण?" मी म्हणाले, "आत्या." ती म्हणाली, "आत्याची नाहीये ती."

व्हिसा आले, आणि डिसेंबरात दुपारच्या विदर्भ एक्स्प्रेसनं ते गेले. सासूबाईंनी खिडकीतून हात बाहेर काढून बाबूच्या गालाला लावला आणि मला म्हणाल्या, "दिवा नको चुकवू व." गुड्डीचे पप्पा म्हणाले, "काही आणू का तिकडून?" त्यांच्या हातात माझी डायरी होती. गाडी हलली तेव्हा गुड्डी मरून टोपी घालून बसली होती, त्या उन्हात.

दुसऱ्या दिवशी बाबूला कडेवर घेऊन मी कोर्टाजवळ गेले. खरं तर मला नुसतं पाहायचं होतं की फाईल कुठपर्यंत पोहोचली. छोटेलाल झाडाखाली टेबल टाकून बसतो. त्यानं ड्रॉवर उघडला आणि माझी फाईल वरतीच होती. आत कोरा स्टँप पेपर. त्यावर एक अक्षर नव्हतं.

"ये तो किया ही नहीं, भाभीजी. भैया बोले, रहने दो अभी."

"सहा महिने लागतात ना?"

"कौन बोला?" तो माझ्याकडे बघत राहिला. "अल्का और रचना एक ही औरत है, इतना ही तो लिखना है. तीन दिवस का काम है. फिर शाळेचं सर्टिफिकेट लावा, लग्नाचं सर्टिफिकेट लावा, नागपूरला स्वतः जाऊन द्या. बस."

झाडाखाली खूप लोक होते. कोणाचं जातीचं सर्टिफिकेट, कोणाचा सातबारा. बाबू टेबलावरच्या रबरी शिक्क्याला हात घालत होता. इतके दिवस मला वाटत होतं की कागद आडवा आला. कागदाची काही चूक नव्हती. तीन दिवस. गणपतीत तर दहा असतात.

"बनवा मग," मी म्हणाले.

छोटेलालनं पेन काढलं, मग चपापला. "भैयाको..."

"भैया लंडनला गेले."

"बरं. पण कहीं जाना है क्या आपको?"

"सध्या कुठंच नाही."

त्यानं टाईप करणाऱ्याला बोलावलं. "रचना उर्फ अल्का लिहू की अल्का उर्फ रचना?"

"अल्का आधी."

तिसऱ्या दिवशी कागद मिळाला. मग मी नाक्यावर दुकानात गेले. खुशाल नावाचा आमचा जुना माणूस होता, तोच दुकान बघत होता. मी काउंटरच्या या बाजूला उभी राहिलेली बघून तो उठला.

"काय पाहिजे भाभी? घरी पाठवून दिलं असतं."

"एक कुलूप."

"कोनासाठी?"

"घरासाठी."

त्याला वाटलं मी गंमत करते. मग नाही वाटलं. त्यानं तीन-चार खोकी उघडली. "किती लिवरचं देऊ?"

"मोठ्यात मोठं."

त्यानं सात लिवरचं दिलं, पितळी, हातात जड लागणारं. दोन किल्ल्या. एक कोयंडा पण घेतला. मनिराम सुतार संध्याकाळी आला, दारासमोर उकिडवा बसला आणि चौकटीवरून हात फिरवत राहिला. "या दारावर कधी खिळा नाही ठोकला बाई मी. माय रागावतीन."

"मला रागावतील. तुम्ही ठोका."

त्यानं ठोकला. चार घाव. मी आत जाऊन देवाजवळ दिवा लावला, कारण वेळ झाली होती आणि लक्ष्मीशी माझं भांडण नव्हतं.

दोन दिवसांनी पहाटेच्या गाडीनं मी नागपूरला गेले. जाताना दार ओढलं, कडी लावली, कुलूप घातलं आणि किल्ली फिरवली. एवढाच आवाज झाला. मला वाटलं होतं काहीतरी होईल. बाबूला तेवढी किल्ली खायला पाहिजे होती. रांगेत दिवस गेला. खिडकीत तोच चष्मेवाला होता, त्यानं मला ओळखलं नाही. पावती दिली. अल्का. एका ओळीत मी, खालच्या ओळीत बाबू, आणि त्याच्या आईच्या जागी आता दोन्ही नावं, म्हणजे एकच बाई.

कुडव्याला पोहोचले तेव्हा सहा वाजत होते. दाराबाहेरूनच फोन वाजताना ऐकू येत होता. कुलूप उघडेपर्यंत बंद झाला, परत वाजला.

"सकाळपासून फोन लावून राहिलो!" सासूबाईंचा आवाज. "कुठं होती व?"

"नागपूरला."

"नागपूरले? अन् घरी कोन होतं?"

"कोणी नाही. कुलूप लावलं होतं."

मग दूर कोणाला तरी सांगत असल्यासारखं, "कुलूप म्हणे... आपल्या घराले... दुर्गेश, ए दुर्गेश, पाय काय म्हणते!" गुड्डीच्या पप्पांचं 'हॅलो हॅलो' आलं, त्यांनी विचारलं, "काय झालं? चोरी झाली का?" मी म्हणाले, "नाही. छोटेलालकडे गेले होते." तीन दिवसांच्या कामाची गोष्ट त्यांनाही आठवली असावी. "मी आल्यावर बोलू," ते म्हणाले. एवढ्यात गुड्डीनं फोन ओढला.

"मम्मी! मी वरती बसली. समोर. बाजूच्या सीटवर टोपी ठेवली होती, मरूनवाली. एक गोरी आजी आली, मी म्हटलं, ही मम्मीची आहे. ती दुसरीकडे बसली."

"मराठीत म्हटलं?"

"हो. तिला समजलं."

बाबू कॉर्ड ओढत होता.

"मम्मी, बर्फ नाही पडला इथं. तू म्हणाली होती पडते."

"माझं चुकलं बेटा."

"तू कुलूप घेतलं का?"

"घेतलं."

"आपल्या दुकानातलं?"

"आपल्याच. मोठं आहे. सोन्यासारखं."

"थांब," ती म्हणाली. पावलांचा आवाज गेला आणि आला. मागून सासूबाईंचं चाललंच होतं, "सत्तावन वर्सं... माझ्या सासूनं..." आणि टीना काहीतरी समजावत होती. कागद फडफडला. गुड्डीचा श्वास रिसीव्हरमध्ये येत होता, ती लिहिताना जीभ बाहेर काढते तेव्हा येतो तसा.

"केली," ती म्हणाली. "शेपटी पण ओढली."

मी काही म्हणणार एवढ्यात कार्ड संपलं.